कोयत्याच्या हिशेबातील स्त्री

पावसाळा सरत आला, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, औंढा नागनाथ व कळमनुरी या तालुक्यांच्या माळरानावरील वाड्या-तांड्यांतून मुकादमांची फेरी सुरू होते. कोणाची गेल्या सालची उचल फिटली, कोणाची अंगावर राहिली, यंदा कोण जाणार, अशी चौकशी चालते. या चौकशीत माणसे किती असे कोणी विचारीत नाही. कोयते किती, एवढेच विचारतात. कोयता हे ऊस तोडण्याचे हत्यार आहे हे नागर वाचकांस ठाऊक असेलच. परंतु ऊसतोडीच्या व्यवहारात या शब्दाला निराळा अर्थ आला आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. पुरुष एकटाच असला तर तो अर्धा कोयता. उचल मिळते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि कर्ज राहते तेही कोयत्याच्या नावावर. हे नाव अर्थात नवऱ्याचे असते. बायकोचे नाव वहीत येत नाही. पण तिच्यावाचून कोयता पुरा भरत नाही, म्हणून ती येणारच हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांपुढे गेली दीडशे वर्षे जो मोठा पेच पडला आहे, तो या एका शब्दात सापडतो. माणसे मोजावयाची तर ती कोणत्या मापाने मोजावयाची? घर हे माप धरले तर बाई घरात लपते, कोयता हे माप धरले तर ती कोयत्यात लपते.

हिंगोली हा जिल्हा म्हणून नवा आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा काढण्यात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार भरली. प्रदेश मात्र पुरातन. नामदेवांचे नरसी येथलेच, औंढ्याचे ज्योतिर्लिंगही येथलेच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि हिंगोली गावी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्या येथून वाहतात. पण पाण्याची वाटणी सारखी झालेली नाही. येलदरी व सिद्धेश्वर येथील धरणांचे पाणी वसमतच्या बाजूला पोचले, तिकडे ऊस आणि हळद आली, पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वरच्या बाजूचे माळ मात्र पावसाच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यामुळे एकाच जिल्ह्यात ऊस पिकविणारी गावेही आहेत आणि परमुलखी ऊस तोडावयास जाणारी गावेही आहेत.

गाव सोडून जाणे ही या भागातील लोकांना अगदी अपरिचित गोष्ट होती असे नव्हे. येथील तांड्यांतून राहणारे बंजारे एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून शेकडो मैल हिंडत असत. त्या प्रवासात सारे कुटुंब बरोबर असे, पण तो प्रवास स्वतःच्या धंद्याचा होता. आगगाडी आली आणि तो धंदा बुडाला. मग शेतमजुरी आली, आणि शेतमजुरी पुरेनाशी झाली तेव्हा उचल आली.

हिंगोलीची जुनी ख्याती कापसाच्या पेठेची. कापसाची वेचणी हे काम पूर्वापार बायकांचे. या वेचणीची एक रीत आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दिवस मावळताना प्रत्येक वेचणारीण आपले ओझे बांधावर आणते आणि ते वेगळे तोलले जाते. मजुरी वजनावर मिळो, की वेचलेल्या मालाच्या हिश्श्याने मिळो, सखूने किती वेचले आणि गंगूने किती, हे ताजव्यात स्पष्ट दिसते. मजुरी कमी असेल, मापात खोट असेल, मालक कज्जेदलाल असेल. तरी तिच्या श्रमाला तिचे स्वतःचे वजन आहे. ऊसाचे तसे नाही. ऊस तोलला जातो तो कारखान्याच्या वजनकाट्यावर, वाहनासकट, टनांच्या हिशेबात; आणि त्या टनांतील किती भार कोणाच्या डोक्यावरून आला, हे सांगण्याची सोय त्या काट्याला नाही.

हा ऊस महाराष्ट्रात आला कसा, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. दक्षिणेतील कालव्यांच्या पाण्यावर बेलापूर कंपनीसारखे खाजगी कारखाने १९१९ नंतर उभे राहू लागले. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि या धंद्याला तेजी आली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरेचा सहकारी कारखाना निघाला व १९५० च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप झाले. सहकारी साखर कारखानदारीचा हा इतिहास शाळेच्या पुस्तकांतून आला आहे, आणि यावा हे योग्यच आहे. या सहकारात शेतकरी भागीदार झाला, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र ऊस तोडणारा त्यात भागीदार झाला नाही. तो कारखान्याचा नोकरही झाला नाही. कारखान्याने वाहतूकदाराशी व मुकादमाशी करार करावा, मुकादमाने टोळी आणावी, आणि टोळीने उचल फेडावी, अशी साखळी पडली. हल्ली महाराष्ट्रात सुमारे दोनशे कारखाने गाळप करतात. त्यांच्या फडांत राबणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असावी असे निरनिराळे अंदाज आहेत. त्यांतील सर्वांत मोठा भरणा बीड जिल्ह्याचा. हिंगोली, परभणी, जालना या जिल्ह्यांचा वाटाही ठळक आहे.

कामाची तऱ्हा अशी. पुरुष बुडख्याशी वाकून ऊस तोडतो. बाई पाचट काढते, वाढे छाटते, ऊस गोळा करून मोळ्या बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेते. बैलगाडी असेल तर ओझे कमी उंचीवर चढवावे लागते. मालमोटार असेल तर उभ्या लावलेल्या फळीवरून मोळीसकट वर चढावे लागते. गाडी रात्री दोन वाजता आली तर रात्री दोन वाजता. त्याआधी, म्हणजे पहाटे, भाकरी तिनेच भाजलेली असते. पाणी तिनेच आणलेले असते. पाचटाच्या कोपीत मूल तिनेच निजविलेले असते. एका कोयत्याकडून दिवसाकाठी दोन टनांच्या आगेमागे ऊस निघतो. २०२४ च्या जानेवारीत कामगार संघटना व साखर संघ यांच्यात समझोता होऊन तोडणीचा दर टनास २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर आला. ही वाढ स्वागतार्हच होती. तथापि दोन टनांचे ७३२ रुपये होतात, ते दोन माणसांचे, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे. त्यांतून उचल वळती व्हावयाची. एखादे दिवशी काम चुकले तर त्यास खाडा म्हणतात, आणि खाड्याबद्दल दंड कापला जातो. दुखणे बाईचे असो की पुरुषाचे, खाडा कोयत्याला पडतो.

यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेतील बारडोलीच्या साखर कारखान्याकडे येणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास १९७८-७९ च्या सुमारास प्रसिद्ध केला. हे मजूर पुष्कळसे आपल्या खानदेशातले, आणि तेथेही मोजमाप कोयत्याचेच. जवळपास मजूर असतानाही कारखाने दूरचे मजूर का आणतात, हा प्रश्न ब्रेमन यांनी धरून ठेवला. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो. त्याला सण असतात, सोयरीक असते, नाही म्हणण्याची सोय असते. परका मजूर चोवीस तास हाताशी असतो. या उत्तरात एक भर घालता येईल. तो परका मजूर बायकोसह येतो, म्हणजे आपले घरच पाठीवर घेऊन येतो. त्याच्या जेवणाखाण्याची, धुण्यापुसण्याची, मुलांची तजवीज मालकाला करावी लागत नाही. एक रुपयाही न देता ती सोय होते, कारण ती बाई करते.

सातारा जिल्ह्यातील सुगाव हे गाव याच्या अगदी उलट चित्र दाखविते. हेमलता दांडेकर यांनी या गावाच्या १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांचा अभ्यास करून १९८६ साली एक ग्रंथ लिहिला. पुरुष मुंबईला, बायका घरी, असेच त्याचे नाव आहे. सुगावचे पुरुष गिरण्यांत गेले, खोल्यांत दाटीवाटीने राहिले, मनीऑर्डरी पाठविल्या. मागे राहिलेल्या बायकांनी शेती केली, गुरे सांभाळली, सासूसासऱ्यांचे केले. कागदोपत्री शेतकरी नवरा होता, कारण सातबारा त्याच्या नावावर. कमावताही तोच, कारण पगार त्याचा. शेतात प्रत्यक्ष कोण उभे आहे, हे विचारल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते. गिरणगावातही तोच प्रकार. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना रोजचे जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची गणना कामगारांत कधी झाली नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना एकत्र केले, तेव्हा कोठे बँकांच्या दारात त्यांचा धंदा हा धंदा ठरला.

सुगावची बाई मागे राहिली म्हणून दिसली नाही, सेनगावची बाई बरोबर गेली म्हणून दिसली नाही. जागा बदलली तरी हिशेब बदलला नाही, हे मोठे चमत्कारिक आहे.

या बाबतीत विलायतेत फार पूर्वी एका गृहस्थाने डोळे उघडे ठेवले होते. एर्न्स्ट गेओर्ग राव्हेनस्टाइन हा जर्मनीत जन्मलेला नकाशाकार लंडनला राहत असे. १८८१ च्या ब्रिटिश खानेसुमारीचे आकडे चाळून त्याने १८८५ साली तेथील संख्याशास्त्रीय सभेपुढे एक निबंध वाचला. जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायकाच अधिक स्थलांतर करतात, असे त्याने त्यात दाखवून दिले. आणि त्या केवळ घरकामासाठी जातात असे नव्हे, कारखानेही त्यांना ओढून नेतात, असेही सांगितले. पुढील पिढ्यांनी त्याचे पुष्कळसे नियम पाठ केले, एवढा एक मात्र विसरला गेला. हिंदुस्थानात याला आणखी एक कारण झाले. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन सासरी जाते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक स्त्री खानेसुमारीच्या दृष्टीने स्थलांतरित ठरते. १९८१ च्या खानेसुमारीत गाव सोडण्याचे कारण प्रथमच विचारण्यात आले, तेव्हा बायकांच्या रकान्यात विवाह हेच कारण सर्वांत वर आले. ते खोटे नव्हते. पण एकदा विवाह असे लिहिले की त्यानंतर ती कितीदा, कोठे आणि कोणत्या कामासाठी गेली, ही चौकशी तेथेच संपते.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असते, याचा एक दाखला विलक्षण आहे. १९६१ च्या खानेसुमारीत देशातील काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे सहा कोटी आली होती. १९७१ मध्ये ती तीन कोटींच्या आसपास उतरली. दहा वर्षांत तीन कोटी बायका हातावर हात ठेवून घरी बसल्या असे कोणी म्हणणार नाही. झाले होते एवढेच की १९७१ च्या प्रगणकांनी मुख्य काम कोणते असे विचारले, आणि दारात उभ्या असलेल्या पुरुषाने घरकाम असे सांगितले. १९७४ साली स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल बाहेर आला. वीणा मजुमदार तिच्या सचिव होत्या, आणि लीला दुबे यांच्यासारख्या मराठी घराण्यातील मानवशास्त्रज्ञेचा त्या कामाला हात लागला होता. त्या अहवालाने सुशिक्षितांस मोठा धक्का दिला. त्यानंतर मात्र मोजण्याच्या रीतीकडेच संशयाने पाहणारी अभ्यासकांची एक पिढी तयार झाली.

त्याच सुमारास महाराष्ट्रात एक अशी गोष्ट घडत होती की तिच्यामुळे ग्रामीण बाई प्रथमच सरकारी कागदावर मजूर म्हणून मोठ्या संख्येने आली. १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्याची दैना झाली. दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, माती वाहणे, तलावांचे बांध घालणे, हीच कामे. सुकडी आणि मिलो यांची आठवण त्या पिढीच्या तोंडी राहिली. या अनुभवाच्या आधी विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडलीच होती. तिचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पैसा कोठून आणला, हेही नागर कुटुंबांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७५ पासून पगारदारांकडून जो व्यवसाय कर कापला जातो, तो या योजनेसाठीच बसविला होता. मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया कळमनुरीच्या पाझर तलावावर पोचावा, अशी ती योजना होती.

या कामांवर बायका येतील असे योजनाकर्त्यांच्या ध्यानीमनी फारसे नसावे. पण त्या आल्या, आणि झुंडीने आल्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांनी ही गोष्ट हेरली. मंजू साठे यांच्यासह त्यांनी १९८० साली या योजनेवर लेख लिहिला, आणि १९८३ साली स्वतंत्र पुस्तकच केले. रोजगार हमी ही स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी होय, असे त्याच्या नावातच म्हटले आहे. पुण्याच्या ग्रंथालयात बसून हे लिहिता आले नसते. कामावर जावे, बाईला बाईचे म्हणणे विचारावे, नवऱ्याचे उत्तर बायकोच्या नावावर मांडू नये, एवढे पथ्य पाळले तर चित्र बदलते. येथे हजेरीपटावर तिचे नाव स्वतंत्र होते. कामाचा दर स्त्री-पुरुषांस एकच, खणलेल्या मातीच्या मापावर. काम गावाजवळ, म्हणजे संध्याकाळी चूल आपलीच. पगार पुष्कळदा नवऱ्याने उचलला असेल. अंगठा तिचा होता. कापसाच्या ताजव्यात जे दिसत असे ते येथे पुन्हा दिसू लागले.

मग हिंगोलीच्या माळावरून कोयते जाणे थांबले का नाही? याचे उत्तर उचलीत आहे. रोजगार हमीचा पैसा आठवड्या-पंधरवड्याने, कधी महिन्याने, आणि थोडाथोडा येतो. लग्न, दवाखाना, विहीर यांना एकरकमी पैसा लागतो, आणि तो एकरकमी देणारा गावात एकच माणूस असतो, तो मुकादम. २००५ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचाच कित्ता गिरवून देशभर रोजगार हमीचा कायदा केला. लाभार्थींत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असे त्यात लिहिले. हे सर्व उत्तम झाले. परंतु उचलीला पर्याय त्याने दिला नाही. उलट कोयता पुरा असल्याशिवाय पुरी उचल नाही, म्हणून मुलांची लग्ने लवकर उरकण्याकडे ऊसतोड कुटुंबांचा कल राहतो, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न हा केवळ रूढीचा दोष म्हणून सोडून देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

बाई कोयत्यात लपली की तिचे शरीरही लपते. २०१९ साली बीड जिल्ह्यातून अशा बातम्या आल्या की ऊसतोड करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली आहेत. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तेथे ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तीत १३ हजार ८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक. फडात आडोसा नाही, पाणी नाही, मोळी उचलणे चुकत नाही, पाळीच्या दिवसांत बसून राहिले तर खाडा. अशा स्थितीत पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला पिशवी काढून टाक, असा सल्ला मिळाला तर तो तिला सुटकेसारखा वाटतो. हा प्रकार वर्षानुवर्षे चालला असता तो एकाही नोंदीत आला नाही. कारण कारखान्याच्या नोंदीत ती कामगार नव्हती आणि गावच्या नोंदीत ती सहा महिने गैरहजर होती. हिंगोलीतून जाणाऱ्या स्त्रियाही त्याच फडांत, त्याच पाचटाच्या कोपीत राहतात.

कायद्यांची उणीव आहे असे नाही. १९७६ चा समान वेतनाचा कायदा होता. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता. पहिला लावावयास तिला वेगळे वेतन मिळत असले पाहिजे, ते मिळत नाही. दुसरा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. सेनगावहून सांगलीस गेलेली बाई महाराष्ट्रातच राहते, सबब ती त्यात बसत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याचे महामंडळ निघाले आहे, आणि कामगारांना ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या पत्रांवर बाईचे नाव व छायाचित्र स्वतंत्र असावे, आणि उचलीच्या करारावर तिचीही सही असावी, अशी मागणी स्त्रियांच्या संघटना करीत आल्या आहेत. मागणी अगदी साधी आहे. पण ती मान्य झाली तर अर्धा कोयता हा शब्दच निरर्थक होईल, म्हणून ती मुकादमांस जड वाटते.

पुढील खानेसुमारीसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरविण्यात आला आहे. माणसे मोजण्याचे काम त्याआधी फेब्रुवारीत व्हावयाचे. फेब्रुवारीत गाळप ऐन भरात असते. त्या वेळी औंढ्याच्या किंवा सेनगावच्या तांड्यावर प्रगणक गेला, तर कित्येक दारांना कुलूप आढळेल आणि ओसरीवर म्हातारी माणसे व शाळेत जाणारी नातवंडे बसलेली दिसतील. तोच प्रगणक फडावर गेला तर पाचटाच्या कोप्या दिसतील, आणि तेथे उभ्या असलेल्या बाईला गाव का सोडले असे विचारावे लागेल. ती काय सांगेल हे तिला स्वतःला विचारले, की कोयत्याच्या मालकाला, यावर तो रकाना कसा भरेल हे ठरणार आहे.